सीटखालची ती पिशवी उघडा की!

तुमच्या गाडीच्या सीटखाली किंवा साइड पॅनलच्या आत एक छोटी पिशवी असते. त्यात दोन-तीन पाने, स्क्रू ड्रायव्हर, प्लग काढायचा पाना. शेवटची कधी उघडली होती? मी तर तीन वर्षं उघडलीच नव्हती.

मागच्या महिन्यात माझ्या गाडीची चेन खडखडायला लागली. सर्व्हिस सेंटरला टाकली. दिवसभर गाडी तिकडे, मी रिक्षात. संध्याकाळी बिल ६८० रुपये! चेन क्लीनिंग, ल्यूब, अ‍ॅडजस्टमेंट आणि वर लेबर. म्हणजे माझ्या मेसचा जवळजवळ एक आठवडा. रूमवर येऊन गाडीचं मॅन्युअल पहिल्यांदा वाचलं, तर हे सगळं चित्रांसकट दिलेलं.

परवाच्या रविवारी स्वतःच बसले. इंजिन बंद, गाडी मेन स्टँडवर. केरोसीन आणि जुन्या टूथब्रशने चेन घासली, पुसली, ल्यूब मारलं. मग शेजारच्या दादाकडून मोठा पाना आणून मागच्या चाकाचा नट सैल केला आणि चेन ताणली. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या यायला हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. माझं आधी तसंच झालं, परत केलं. नट घट्ट करून शेवटी दादाला तपासायला लावला. तास गेला, नखं काळी झाली, पण खडखड थांबली.

आता तुम्ही म्हणाल, वॉरंटीचं काय? बरोबर आहे. वॉरंटीतल्या ठरलेल्या सर्व्हिस तिकडेच करा. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले, तिथे स्कॅनर लागतो. ब्रेक, एबीएस यांवर तर प्रयोग नकोच. पण टायरची हवा, चेन, क्लचच्या वायरचा प्ले, प्लग साफ करणं, एवढं आपल्याला यायलाच हवं.

मुद्दा फक्त पैशांचा नाही. काम माहीत असलं की बिलावरच्या प्रत्येक ओळीला 'हे काय?' असं विचारता येतं. मुलींना तर काउंटरवर बऱ्याचदा कोणी नीट समजावूनच सांगत नाही. दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण आपण मॅन्युअलच उघडणार नसू, तर त्या हक्काचा उपयोग काय?

या रविवारी ती पिशवी काढा. निदान पाने गंजलेत का, ते तरी बघा!