शिडाच्या नौकेचा पंखा

शिडाच्या नौकेवर जीव जडलेला मनुष्य स्वभावतःच वाऱ्याचा उपासक असतो, आणि म्हणूनच तिच्या पोटातील इंजिनाकडे व पाण्याखालच्या पंख्याकडे त्याचे फारसे लक्ष जात नाही. परंतु वारा पडला असता, ओहोटीची ओढ खडकाकडे नेत असता, किंवा गजबजलेल्या बंदरात नांगरवाड्यात शिरताना, माणसांची व नौकेची सारी भिस्त त्या उपेक्षित पंख्यावरच असते. आणि नेमक्या अशा घटकेला, पात्यांवर वस्ती करून राहिलेल्या जीवांच्या भाराने इंजिन काळा धूर ओकते, नौका थरथरते, पण मार्ग मात्र कापला जात नाही. हे संकट विषाने वा एखाद्या नव्या लेपाने कायमचे टळेल ही आशा मला व्यर्थ वाटते. त्याचे निवारण हाताच्या नियमित श्रमानेच होते, आणि त्या श्रमाची सोय करणे हे बंदराचा कारभार पाहणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

पात्यांवर ठाण मांडणाऱ्या जीवांत मुख्य तो बार्नॅकल. दिसायला शिंपल्यासारखा असला तरी तो खेकडा-कोळंबीच्या कुळातला आहे, आणि चार्ल्स डार्विनसारख्या शास्त्रज्ञाने त्याच्या अभ्यासात आयुष्यातील सुमारे आठ वर्षे वेचली. त्याचे डिंभ पाण्यात विहरत असता आधार शोधते, पृष्ठभाग स्पर्शिकांनी चाचपून पाहते, आणि जेथे स्वजातीयांच्या वास्तव्याची खूण सापडते तेथे विशेष आवडीने चिकटते. एकदा चिकटल्यावर ते जन्मभर जागा सोडीत नाही. व्यापारी जहाजाचा पंखा समुद्रात अहोरात्र फिरत असतो. शिडाच्या नौकेचा मात्र आठवडेच्या आठवडे निश्चल राहतो, आणि निश्चल पृष्ठभाग हीच या डिंभांना पर्वणी.

येथे कोणी विचारील की, तांबे तर या जीवांना विषवत् आहे, मग तांब्याच्याच मिश्रधातूच्या पंख्यावर ते वाढतात कसे? याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच मिळाले आहे. 1824 साली सर हंफ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या गलबतांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे झिजू नयेत म्हणून त्यांना लोखंड वा जस्ताची जोड देण्याची युक्ती काढली. झीज थांबली, युक्ती शास्त्रतः बिनचूक ठरली. परंतु जीवांना दूर ठेवणारे तांबे तर त्या झिजेतूनच पाण्यात उतरत होते, त्यामुळे सुरक्षित झालेल्या पत्र्यांवर शेवाळ व बार्नॅकल यांची बेसुमार वाढ झाली आणि आरमाराला ती योजना सोडून द्यावी लागली. आजही पंख्याच्या दांड्यावर बसविलेला जस्ताचा तुकडा स्वतः झिजून पंख्याचे रक्षण करतो, आणि त्याच रक्षणाने पंखा जीवांना निवासयोग्य करून ठेवतो. तो तुकडा काढून टाकावा, तर पुष्कळ पंख्यांच्या मिश्रधातूतील जस्त विरघळून पाती सच्छिद्र व ठिसूळ होतात. जस्त ठेवणे प्राप्त आहे, आणि म्हणून घासणेही प्राप्त आहे.

अधिक जहाल विष वापरावे, असे सुचविणाऱ्यांनी फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागराची हकिकत वाचावी. ट्रायब्यूटिल टिन या द्रव्याच्या रंगाने नौका स्वच्छ राहिल्या, पण तेथील कालवांची पैदास ढासळली व त्यांचे शिंपले विकृत झाले. 1982 साली फ्रान्सने लहान नौकांवर त्या रंगास मनाई केली, आणि अशा रंगांना बंदी घालणारा, 2001 साली संमत झालेला आंतरराष्ट्रीय करार 2008 पासून अमलात आला. सिलिकोनचे निसरडे लेप विषारी नाहीत, हा त्यांचा मोठा गुण मी मान्य करतो. तथापि पंखा वेगाने फिरला म्हणजेच त्यांवरील जीव निसटतात, आणि शिडाच्या नौकेत उणीव असते ती याच फिरण्याची.

म्हणून पाणबुड्याने खाली जावे, इंजिनाची किल्ली आधी काढून एका जाणत्या माणसाच्या हवाली करावी, आणि लाकडी वा प्लॅस्टिकच्या उलथन्याने हलक्या हाताने खरवडावे. पोलादी पात्याने पंख्यावर ओरखडे उठतात व पुढच्या डिंभांना पकड मिळते. बार्नॅकलचे कवच उडाले तरी त्याची पांढरी चकती धातूला चिकटून राहते. तीही काढल्यावाचून काम पुरे झाले असे समजू नये, कारण नवागतांना आमंत्रण तीच देते. पटाईत मनुष्यही येथे घाई करतो, ते मला अक्षम्य वाटते.

खरवडलेला हा गाळ मात्र वाटेल तेथे सोडता कामा नये. 1999 साली ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरी, बहुधा परदेशाहून आलेल्या एखाद्या नौकेला चिकटून, मायटिलॉप्सिस सालेई ही उपरी शिंपली शिरली आणि तिचा नायनाट करण्यासाठी नौकांच्या गोद्यांत क्लोरीन व मोरचूद ओतून तेथील इतर जीवसृष्टीचाही बळी द्यावा लागला. हीच शिंपली विशाखापट्टणम व मुंबईच्या बंदरांतही येऊन ठेपली आहे. म्हणून खरवडण्याचे काम शक्य तेथे नौका वर घेऊनच करावे. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवणाऱ्या कोकणच्या कोळ्यांना नौका कोरडी करण्याचे मोल कोणी शिकवायला नको. उणीव आहे ती हंगामाच्या मध्येच नौका अल्प दरात वर घेता येईल अशा उतरत्या धक्क्याची, आणि खरवड व रंगाचे कपचे समुद्रात न जाता ज्यात साचतील अशा हौदाची. महाराष्ट्र सागरी मंडळाने प्रमुख बंदरांत याची तजवीज करावी, तिचा लाभ हौशी नौकावाल्याइतकाच मच्छीमारालाही द्यावा, आणि पुढचा हंगाम नारळी पौर्णिमेस सुरू होण्यापूर्वी निदान एका बंदरात तरी हे काम पुरे करून दाखवावे.