जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

मैत्रिणींनो, घरातला डेस्कटॉप रखडायला लागला की ‘आता नवाच घेऊ’ असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. आधी त्याला काय बसतं ते बघावं.

रॅम आणायला जाताना जुनी पट्टी सोबत न्या. डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसत नाही. पहिलीला २४० पिना, दुसरीला २८८, खाचही वेगळ्या जागी. साटा एसएसडी मात्र दहा-बारा वर्षांच्या बहुतेक मशीनना चालते. जुनी हार्डडिस्क काढून ती लावली, की वेगातला फरक लगेच जाणवतो.

पण दुकानदार म्हणाला म्हणून सगळंच बदलू नका. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. कितीही रॅम वाढवली तरी ही अट सुटत नाही. अशा मशीनवर मोठा खर्च करू नये, लिनक्स टाकावं. घरहिशेब आणि मुलांचा अभ्यास त्यावर छान होतो.

म्हणून पैसे देण्याआधी मदरबोर्ड आणि प्रोसेसरचं नाव कागदावर लिहून घ्या, मगच दुकानाची पायरी चढा.