सही आधी, वकील नंतर: हा क्रम बदलायला हवा

जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांना मोठा दिलासा दिला. एआय वापरून त्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून देणाऱ्या प्लॅटफॉर्मना अंतरिम आदेशाने रोखण्यात आले. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयाकडून असे संरक्षण मिळाले. कलावंतांसाठी ही चांगली बातमी आहे. पण मोठ्या कलावंतांकडे आणि कंपन्यांकडे करार, कॉपीराइट यांचेच काम करणारे मुरलेले वकील असतात. मालेगावात फिल्म बनवणारा, मुंब्र्यात व्हिडिओ एडिट करणारा, नात किंवा कव्वाली गाणारा आपला तरुण मात्र समोर आलेल्या कागदावर न वाचताच सही करतो. वकिलाची आठवण येते ती पैसे अडकल्यावर.

कायदा कलावंताच्या विरोधात आहे, असे नाही. जावेद अख्तर राज्यसभेत असताना त्यांनी लावून धरल्यामुळे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात महत्त्वाचा बदल झाला. चित्रपटातले गाणे थिएटरबाहेर इतरत्र वापरले गेले, तर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा वाटा मिळतो. हा हक्क करारात लिहून घेऊनही सोडवून घेता येत नाही. म्हणजे ‘एकरकमी पैसे दिले, आता विषय संपला’ हे निर्मात्याचे म्हणणे इथे चालत नाही.

पण असे पक्के संरक्षण सगळीकडे नाही. याच कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी ‘करारात वेगळे काही ठरले नसेल तर’ या अटीवर चालतात. हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहिले नसेल, तर ती मुदत ५ वर्षे धरली जाते. कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिले नसेल, तर फक्त भारत. समोरच्याने वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत, तर ते परत येतात. आता करारात ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी’ एवढे तीन शब्द घातले की चित्र पालटते. कंपनीचा वकील ते शब्द घालायला विसरत नाही. ते शब्द ओळखून ‘हे काढा, नाहीतर मोबदला वाढवा’ असे सांगणारा माणूस आपल्या बाजूला नसतो, खरी अडचण ही आहे.

फोटोग्राफरांचेही तसेच. कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. नोकरीत असताना केलेल्या कामाची मालकीही साधारणपणे मालकाचीच. हे माहीत असेल तर एका ओळीच्या अटीने बरेच काही वाचते.

धंद्यातही हीच गोष्ट दिसते. भिवंडी, मालेगावात भाऊभाऊ मिळून भागीदारीत कारखाने चालतात. फर्मची नोंदणी नसेल, तर करारातून येणाऱ्या वसुलीसाठी फर्मला बाहेरच्या पार्टीवर दिवाणी दावा लावता येत नाही. उलट सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा भक्कम आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराने ४५ दिवसांत पैसे द्यायलाच हवेत. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. एडिटिंग, डिझाइनसारख्या सेवाही यात बसतात. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी काम सुरू करण्याआधीच करून ठेवावी.

प्रश्न फीचा आहे, हे मान्य. पण करार वाचून घेण्याची फी आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या दाव्याचा खर्च यांची तुलनाच नको. स्त्रियांना, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना, तालुका विधी सेवा समिती व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत सल्ला मिळू शकतो. घरून मेहंदी, शिवणकाम, केकचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या बहिणींनी हे लक्षात ठेवावे. व्यापारी संघटना, जमाती आणि तरुणांची मंडळे एकत्र येऊन एखाद्या अनुभवी वकिलाकडून नमुना करारनामे तयार करून घेऊ शकतात. खर्च वाटला जाईल, फायदा सगळ्यांना होईल.

राहिला मुद्दा भरवशाचा. ‘आपल्यातच कागद कशाला?’ असे म्हणून आपण संकोचतो. पण कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार घेण्याविषयीच आहे. लेखी मागणे म्हणजे समोरच्यावर शंका घेणे नव्हे. दोघांचाही हक त्यात सुरक्षित राहतो. तेव्हा पुढच्या वेळी कागद समोर आला, तर दोन दिवस मागून घ्या, जाणकार वकिलाला दाखवा आणि मगच सही करा.