सवलत राहू द्या, साठा दाखवा

आपण कुठे आहोत हे ओळखून जवळपासच्या दुकानांतल्या सवलती दाखवणारी ॲप्स मोठ्या शहरांच्या हिशेबाने बांधलेली आहेत. मॉलच्या दारातून जाताना आतल्या दुकानाची सूट फोनवर दिसावी, हॉटेलात जेवण कमी दरात मिळावे, इथवरच त्यांची धाव. अमेरिकेत 2008 मध्ये ग्रुपॉन सुरू झाली. तिचा भारतातला व्यवसाय 2015 पासून निअरबाय या नावाने चालू लागला. ग्रुपॉनचा मूळ हिशेब साधा होता. शंभराची वस्तू दुकानदाराने पन्नासला द्यायची आणि त्या पन्नासांतलाही मोठा वाटा, कित्येकदा निम्मा, कंपनीने घ्यायचा. रिकाम्या खुर्च्या भरायच्या असलेल्या शहरी उपाहारगृहाला हे एखादे वेळी परवडत असेल. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात असलेल्या कुर्डुवाडीच्या किराणा दुकानदाराला साखरेच्या पोत्यावर आणि तेलाच्या डब्यावर सुटतात किती? त्याने असली सवलत द्यावी कशी, आणि ती त्याच्याकडे मागावी तरी का?

म्हणून ‘जवळ कुठे काय मिळेल’ हा प्रश्न कुर्डुवाडीला पडत नाही असे मात्र नाही. उलट इथे तो शहरापेक्षा जास्त निकडीचा आहे. शहरात एका दुकानात वस्तू मिळाली नाही तर माणूस शेजारच्या दुकानात शिरतो. लऊळ, बारलोणी किंवा रिधोऱ्याहून बाजाराला आलेल्या माणसाला वस्तू मिळाली नाही तर त्याची फेरी फुकट जाते. गाडीभाडे किंवा पेट्रोल गेले, रोजगार बुडाला, शेतातले पाणी तसेच राहिले. वीस-पंचवीस रुपयांच्या सवलतीपेक्षा वाचलेली एक फेरी त्याला कितीतरी मोलाची आहे.

या गावाची वाढच माल कुठे आहे आणि कुठे हवा आहे हे जुळवण्यावर झाली. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे इथून बार्शीकडे धावू लागली. मोठ्या लाइनवरचे हे स्टेशन तेव्हा ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखले जाई. हीच छोटी गाडी 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. ज्या गावाने चार दिशांच्या मालाची गाठ घालून दिली, त्या गावच्या शेतकऱ्याला आज खताच्या गोणीसाठी या दुकानातून त्या दुकानात विचारत फिरावे लागणे मला मान्य होत नाही.

खताचेच उदाहरण मुद्दाम घेतो, कारण इथे लागणारी माहिती नव्याने गोळा करायची नाही. 2018 पासून देशभर अनुदानित खताची विक्री पॉस मशीनवर, खरेदीदाराची ओळख पटवून होते. कोणत्या कृषी सेवा केंद्रात युरियाच्या किती गोण्या शिल्लक आहेत याची नोंद सरकारी संगणकात रोज होते. केंद्राच्या खत विभागाच्या संकेतस्थळावर शेतकऱ्याला ती पाहण्याची वाटही ठेवलेली आहे. पण पेरणीच्या घाईत असलेला माणूस संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, दुकान अशा पायऱ्या उतरत बसणार नाही. त्याला फोनवर मराठीत एवढेच दिसायला हवे: तुमच्या जवळची पाच केंद्रे, आजचा साठा, गोणीवरची किंमत. ठिकाण ओळखणाऱ्या तंत्राचा याहून चांगला उपयोग माढा तालुक्यात मला सुचत नाही.

अशी यादी हातात आली तर लिंकिंगचा जाचही कमी होईल. 45 किलो युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांची. पण ती हवी तर सोबत अमुक औषधाची बाटली किंवा तमुक विद्राव्य खताची पिशवी घ्या, असा आग्रह हंगामात सर्रास होतो. वरून कंपनीच आमच्या गळ्यात हे बांधते, असे विक्रेते सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. तरी भुर्दंड शेवटी शेतकऱ्यालाच बसतो. पुढच्या दोन दुकानांत साठा आहे हे डोळ्यांनी दिसले की ‘राहू द्या, तिकडून घेतो’ असे म्हणण्याचे बळ त्याला येते. एक अडचण मात्र आहे. विक्री मशीनवर उशिरा चढवली तर पडद्यावर गोण्या दिसतात आणि गोदाम रिकामे असते. ॲप सुरू करण्याआधी ही शिस्त लावावी लागेल, नाहीतर लोकांचा विश्वास पहिल्याच हंगामात उडेल.

औषधांच्या बाबतीत सरकारने अर्धे काम केलेले आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आलेले जनऔषधी सुगम हे ॲप जवळचे जनऔषधी केंद्र नकाशावर दाखवते आणि जेनेरिक औषधाची किंमत नामांकित कंपनीच्या औषधाशेजारी मांडते. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी महिनोन्‌महिने घेणाऱ्या घरासाठी ही खरी सवलत आहे, आणि ती वर्षभर मिळणारी आहे. हवी ती गोळी त्या केंद्रात आज शिल्लक आहे का, हेही खात्रीने कळले तर काम पुरे होईल.

आता ठिकाणाबद्दल. आपला फोन कुठे आहे ही माहिती फुकट वाटून टाकण्याजोगी नाही. लोकांच्या ठिकाणाची नोंद ठेवताना त्यांची दिशाभूल केल्याच्या प्रकरणात गूगलने नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या 40 राज्यांशी 39 कोटी 15 लाख डॉलरची तडजोड केली. आपल्याकडे वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. ठरलेल्या कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यावी आणि संमती मागणारी सूचना मराठीतही उपलब्ध असावी, असे तो सांगतो. प्रत्यक्ष अंमल टप्प्याटप्प्याने होणार असला तरी फोनमधली कळ आजच आपल्या हाती आहे. ‘ॲप वापरत असतानाच’ हा पर्याय निवडावा आणि अचूक जागेऐवजी ढोबळ ठिकाण द्यावे. कूपनच्या लोभाने आपण दिवसभर कुठे जातो, कुठल्या दवाखान्यात थांबतो, हे कुणालाही कळू देऊ नये. खताच्या यादीला तर गावाचे नाव पुरते. साध्या फोनवर लघुसंदेशानेही ती देता येईल, त्यामुळे स्मार्टफोन नसलेला शेतकरी वगळला जाणार नाही.

सोलापूर जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाने हे काम माढा तालुक्यापुरते येत्या खरिपाआधी हाती घ्यावे. सुरुवातीला युरिया, डीएपी आणि 10:26:26 ही तीनच खते घ्यावीत. रोज सकाळी नऊ वाजताचा साठा, गोणीवरची किंमत, दुकानाचा फोन नंबर आणि लिंकिंगची तक्रार नोंदवायचा क्रमांक, एवढे एका पडद्यावर मावते.