मूळ सॉफ्टवेअर हाही सुटा भागच

टॅबलेट कंपनीच्या लोगोवर अडकला, आपोआप बंद-चालू होऊ लागला, की दुकानदार तो हातात घेऊन एकच निदान करतो : सॉफ्टवेअर उडाले आहे, मारावे लागेल. काचेला तडा नाही, बॅटरी शाबूत, चार्जिंगची पिन नीट. तरी यंत्र निकामी. मारायचे ते सॉफ्टवेअर येणार कुठून, हे गिऱ्हाईक सहसा विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. सारा प्रश्न मात्र तिथेच आहे. स्क्रीन, बॅटरी, स्पीकर यांना आपण सुटे भाग म्हणतो, ते मिळाले नाहीत तर ग्राहक म्हणून तक्रार करतो. ज्याच्याविना टॅब म्हणजे नुसती काच आणि पत्रा, त्या ऑपरेटिंग सिस्टीमची मूळ प्रत मात्र कंपनीच्या मर्जीवर सोडून देतो. ही मर्जी संपवली पाहिजे. मूळ सॉफ्टवेअरला कायद्याने सुटा भाग मानावे आणि ते मालकाला फुकट, अधिकृतपणे व पडताळून घेता येईल अशा रीतीने मिळावे, अशी मागणी आता करायला हवी.

बिघाड नेमका काय असतो ते आधी पाहू. टॅबच्या स्टोरेजचे आत अनेक कप्पे असतात. एका कप्प्यात आपले फोटो, ॲप आणि डाउनलोड. दुसऱ्यात अँड्रॉइडची मूळ प्रणाली. आणखी एकात बूटलोडर, म्हणजे बटण दाबताच सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्राम. फॅक्टरी रीसेट केल्याने टॅब पुन्हा कोरा होतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात रीसेटने पहिला कप्पा पुसला जातो, दुसऱ्याला हातही लागत नाही. त्यामुळे मूळ प्रणालीच खराब झाली असेल तर दहा वेळा रीसेट करून उपयोग नसतो. आपला डेटा तेवढा जातो. प्रणाली खराब होण्याची कारणेही साधी असतात : अपडेट चालू असताना बॅटरी संपली, जुनी स्टोरेज चिप झिजली, नाहीतर कंपनीने पाठवलेले अपडेटच सदोष निघाले. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय झाली. नवी प्रत सुरू झाली नाही तर यंत्र जुनीवर परतते. पण त्यासाठी जास्त जागा लागते, म्हणून अनेक कंपन्यांनी ही सोय पुढे कित्येक वर्षे टाळली. अशा यंत्रात प्रणाली बिघडली की उपाय एकच उरतो. त्या मॉडेलची मूळ फाइल मिळवायची आणि संगणकाला जोडून ती टॅबवर नव्याने चढवायची.

ही फाइल देणे कंपन्यांना अवघड असते तर गोष्ट वेगळी होती. मायक्रोसॉफ्ट आपल्या सरफेस टॅबलेटसाठी अनुक्रमांक विचारून रिकव्हरी इमेज डाउनलोड करू देते. गुगल पिक्सेल उपकरणांच्या फॅक्टरी इमेज खुलेपणाने प्रसिद्ध करते आणि त्या ब्राउझरमधूनच चढवण्याचे साधनही देते. शिवाय बूटलोडर न उघडता आणि मालकाचा डेटा न पुसता चढवता येतील अशी पूर्ण अपडेट पॅकेजेही ती वेगळी ठेवते. ॲपलचा कारभार बंदिस्त म्हणून ओळखला जातो. तरीही आयपॅड केबलने संगणकाला जोडला, रिकव्हरी मोडमध्ये नेला, की ताजी प्रणाली कंपनीच्याच सर्व्हरवरून उतरते. म्हणजे तीन बड्या कंपन्या, तीन वेगळी धोरणे, पण मालकाला घरबसल्या प्रणाली बसवण्याची वाट तिघींनीही ठेवली आहे. ही वाट सापडत नाही ती मुख्यतः स्वस्त टॅबमध्ये, आणि विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा तेच असतात. महागडे उपकरण घेणाऱ्याला दुरुस्तीची सोय आणि काटकसर करणाऱ्याला नवा टॅब घेण्याचा सल्ला, असा हा उफराटा न्याय आहे.

‘लोक वाटेल ते डाउनलोड करतात, मग बिघडणारच’ हा आक्षेप इथे टिकत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ आल्यावर, एकाहून अधिक युजर प्रोफाइल असलेल्या काही पिक्सेल उपकरणांत साठवलेली माहिती उघडेनाशी झाली, तर काही उपकरणे सारखी रीस्टार्ट होऊ लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये आयपॅडओएस १८ ने एम४ चिपचे काही आयपॅड प्रो पार बंद पाडले आणि ॲपलला त्या मॉडेलसाठी अपडेट थांबवावे लागले. दोन्ही वेळा मालकांनी केले एवढेच की कंपनीने दिलेले अपडेट मुकाट्याने घेतले. ऑस्ट्रेलियात तर असे प्रकरण न्यायालयात गेले. बाहेरच्या दुकानात दुरुस्त केलेले काही आयफोन आणि आयपॅड अपडेटनंतर ‘एरर ५३’ दाखवून बंद पडत होते आणि बाहेर दुरुस्ती केल्यामुळे आता आमची जबाबदारी नाही, असे ग्राहकांना सांगितले जात होते. तेथील ग्राहक आयोगाने दावा लावला आणि जून २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने ॲपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. बाहेरच्या दुकानात गेल्याने ग्राहकाचे कायदेशीर हक्क आपोआप बुडत नाहीत, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

अधिकृत फाइल मिळाली नाही म्हणून दुरुस्ती थांबत नाही. ती चोरवाटेने होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत बसणाऱ्या कारागिराला हातातले काम सोडून चालत नाही. तो कुठल्याशा साइटवर पैसे भरून फाइल उतरवतो, किंवा ओळखीतल्या दुसऱ्या कारागिराकडून मागवतो. ती फाइल कोणी बनवली, मधल्या हातांनी तिच्यात काय घातले, हे तपासण्याचे साधन त्याच्याकडे नसते. ही भीती काल्पनिक नाही. ट्रायडा नावाचा घातक प्रोग्राम काही अँड्रॉइड उपकरणांच्या मूळ प्रणालीतच, पुरवठा साखळीतून, घुसवला गेल्याचे गुगलने २०१९ मध्ये मान्य केले. स्वस्त अँड्रॉइड उपकरणांत आधीपासून पेरलेल्या बॅडबॉक्स या जाळ्याच्या पुढच्या अवताराबद्दल जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला. प्रणालीच्या कप्प्यात बसलेला असा प्रोग्राम रीसेटने जात नाही, कारण रीसेट त्या कप्प्यात शिरतच नाही. म्हणून मूळ, सहीशिक्क्याची फाइल मिळणे हा दुरुस्तीइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. खुद्द कंपनीची फाइलच दूषित असेल तर? तेव्हाही ती प्रसिद्ध असलेली बरी, कारण मग स्वतंत्र अभ्यासक ती उघडून तपासू शकतात. लपवलेली फाइल कोणीच तपासत नाही.

महाराष्ट्रात हा विषय सार्वजनिक पैशालाही येऊन भिडतो. दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके भरलेले टॅब दिले. नागपूरची महाज्योती संस्था सीईटी, जेईई आणि नीटची तयारी करणाऱ्या इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलांना टॅब व इंटरनेट डेटा पुरवते. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, त्यामागे जेमतेम २ जीबी रॅमचे, सतत अडकणारे आणि बिघडणारे हँडसेट होते. अशा योजनांत वाटपाच्या दिवसाचे फोटो छापून येतात; हमी संपल्यानंतरच्या दिवसांची जबाबदारी कोणाची, ते ठरलेले नसते. खेड्यातल्या मुलाचा टॅब परीक्षेच्या तोंडावर लोगोवर अडकला तर त्याला तालुक्याच्या गावी सर्व्हिस सेंटर मिळेलच असे नाही. मूळ फाइल अधिकृतपणे उपलब्ध असेल तर शाळेतल्या संगणक शिक्षकाला किंवा गावातल्या मोबाइल दुकानदाराला ते काम करता येते.

धोरणाच्या पातळीवर आपण अगदी कोरे नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती अवजारे, वाहने आणि घरगुती उपकरणांच्या बरोबरीने मोबाइल आणि टॅबलेटचाही समावेश केला; त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झाले. पुढे दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. यंत्र किती सहज उघडते, सुटे भाग, माहिती आणि अवजारे मिळतात का, सॉफ्टवेअर अपडेट मिळतात का, अशा निकषांवर स्मार्टफोन आणि टॅबलेटना गुण द्यावेत, असे त्यात सुचवले आहे. दिशा योग्य आहे, पण अपडेट मिळणे आणि प्रणाली पुन्हा बसवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपडेट चालत्या टॅबला मिळते. बंद पडलेल्याला पाच वर्षांच्या अपडेटची हमी काय कामाची? युरोपीय संघाने जून २०२५ पासून टॅबलेटसाठी दीर्घकाळ अपडेट आणि सुटे भाग पुरवण्याचे बंधन लागू केले. कॅलिफोर्नियाचा जुलै २०२४ पासून लागू झालेला कायदा आणखी नेमका आहे : यंत्र पूर्ववत चालू करण्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरला तो दुरुस्तीच्या ‘अवजारां’तच मोजतो. आपल्या निर्देशांकात हीच ओळ स्वतंत्र निकष म्हणून यायला हवी.

कंपन्यांचा पहिला आक्षेप सुरक्षेचा असतो : फाइल खुली केली की चोर, हॅकर यांना रान मोकळे. तंत्र तसे सांगत नाही. अधिकृत फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते. बूटलोडर ती सही तपासतो आणि एका अक्षराचाही फेरफार झाला असेल तर फाइल नाकारतो. फाइल जगजाहीर झाल्याने सही करण्याची गुप्त किल्ली कोणाच्या हाती लागत नाही. जुनी, कच्च्या दुव्यांची आवृत्ती मुद्दाम चढवण्याचा धोका खरा आहे, पण मागच्या आवृत्तीवर जाऊ न देणारी तरतूदही अँड्रॉइडमध्ये आहे. चोरीचे म्हणाल तर ॲपलचे ॲक्टिव्हेशन लॉक २०१३ पासून आणि अँड्रॉइडचे रीसेट संरक्षण २०१५ पासून आहे; अधिकृत प्रणाली नव्याने चढवल्यावरही टॅब जुन्या मालकाचे खाते मागतो. सर्व फाइली प्रसिद्ध करणाऱ्या पिक्सेलची गणना सुरक्षित अँड्रॉइड उपकरणांत होते, हे या आक्षेपाला पुरेसे उत्तर आहे.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. सामान्य माणूस चुकीची फाइल चढवेल आणि होता तो टॅबही कायमचा गमावेल. शिवाय अनेकदा दोष स्टोरेज चिपमध्येच असतो, तिथे सॉफ्टवेअर मारून काय होणार? यातले तथ्य नाकारता येत नाही. झिजलेल्या चिपवर नवी प्रणाली टिकत नाही, आणि डेटा एन्क्रिप्ट केलेला असल्याने प्रणाली बसली तरी फोटो परत मिळतीलच असे नाही. त्याला बॅकअपशिवाय इलाज नाही. मात्र चुकीची फाइल चढते ती मुख्यतः नेमकी फाइल अधिकृत जागी मिळत नाही म्हणून. अनुक्रमांक टाकला की त्याच टॅबची फाइल समोर येईल, अशी व्यवस्था असेल तर चूक होण्याची शक्यताच घटते. दोष चिपचा आहे की प्रणालीचा, हेही मूळ फाइल चढवून पाहिल्यावर बऱ्याच अंशी कळते. आज तो तपासही करता येत नाही, म्हणून सरसकट ‘बोर्ड गेला’ असे सांगून नवा टॅब गळ्यात मारणे सोपे जाते.

तिसरा आक्षेप बौद्धिक संपदेचा आणि खर्चाचा. पण सॉफ्टवेअरची किंमत मालकाने टॅब घेतानाच मोजलेली असते. तो त्याच यंत्रावर तीच प्रत पुन्हा बसवू पाहतो, नवी प्रत मागत नाही. अँड्रॉइडच्या गाभ्यातले लिनक्स कर्नल तर अशा परवान्याखाली येते की त्याचा स्रोत उघड करणे कंपन्यांवर मुळातच बंधनकारक आहे. खर्चाचे म्हणाल तर अपडेट पाठवताना याच प्रणालीचे भाग कंपन्या हजारो उपकरणांवर इंटरनेटवरून पोहोचवतातच. पूर्ण प्रत एका पानावर ठेवण्याचा जादा बोजा त्यापुढे किरकोळ आहे. न ठेवण्याचा बोजा मात्र सगळ्यांवर पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट नोंदली गेली. शाबूत काच आणि शाबूत बॅटरीचा टॅब एका फाइलीअभावी त्या ढिगात जाणे ही उधळपट्टी आहे.

करायचे काम त्यामुळे स्पष्ट आहे. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकात प्रणाली पुनर्स्थापनेला स्वतंत्र गुण द्यावेत आणि अधिकृत फाइल न देणाऱ्या उपकरणाला वरची श्रेणी मिळू नये. फाइल शेवटची विक्री झाल्यानंतरही काही वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन घालावे आणि कंपनी बुडाली किंवा तिने मॉडेल वाऱ्यावर सोडले, तर ती सरकारी भांडारात जमा असावी. केंद्राचा नियम होईपर्यंत राज्य सरकार आणि महापालिकांना थांबण्याचे कारण नाही; त्या स्वतः मोठ्या खरेदीदार आहेत. यापुढे टॅबखरेदीच्या प्रत्येक निविदेत एक अट घालता येईल : पुरवठादाराने मूळ प्रणालीची सही असलेली फाइल, ती चढवण्याचे साधन आणि मराठीतली कृतिपुस्तिका खरेदीच्या वेळीच सुपूर्द करावी; नाहीतर देयक अदा होणार नाही. या अटीला नवा कायदा लागत नाही, निविदेत एक कलम वाढवावे लागते. हजारो टॅबच्या कंत्राटासाठी पुरवठादार ती फाइल देतील. आणि एका ग्राहकाला दिलेली फाइल दुसऱ्याला का नाही, याचे उत्तर मग कंपन्यांनाच द्यावे लागेल.