डोंगर बघायला गेलात, तर माणसेही बघा

जोडप्याने उन्हाळ्यात गाडी काढून हिमालयात जावे, यात चळवळीच्या माणसाने लिहिण्यासारखे काय आहे? आम्ही दोघे मनाली-लेह रस्त्याने जाऊन आलो तेव्हा ओळखीच्या कार्यकर्त्यांनी टोमणा मारलाच, वस्तीत नळाला पाणी नाही आणि हे निघाले बर्फ बघायला!

आधी टोमण्याचे बघू. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ज्यांनी वाचले त्यांना मसूर स्टेशन आठवेल. १९०१ सालची उन्हाळ्याची सुट्टी. लहानगे बाबासाहेब घरातल्या इतर मुलांसोबत वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले होते. जात कळल्यावर एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाला बाजूने चालणार, असे ठरले. डबा सोबत होता, पण पाणी कोणी देईना, म्हणून मुले उपाशी झोपली. १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यांनी नकार दिला. मग ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती अशा आपल्याच माणसाने तो हाकला आणि अपघात झाला. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झालेले होते.

या इतिहासातून आलेल्या नवरा-बायकोने स्वतःची गाडी स्वतः चालवत, हव्या त्या ढाब्यावर पाणी पीत जाणे म्हणजे चैन? तसे म्हणणाऱ्याने इतिहास पुन्हा वाचावा. आपल्या पोरांनी फिरलेच पाहिजे. आमचा वाद आहे तो कसे फिरावे याच्याशी.

रील बनवणाऱ्या जोडप्यांच्या व्हिडिओत रस्ता आपोआप उगवल्यासारखा दिसतो. अटल बोगदा नऊ किलोमीटरचा आहे, तंगलंग ला पाच हजार तीनशे मीटरच्या वर आहे, ही माहिती सगळे देतात. तिथे श्वास लागतो, दोन पावले चालले तरी डोके ठणकते. त्याच उंचीवर दगड फोडणारा, डांबराचे पिंप तापवणारा माणूस कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहतो. हे मजूर मोठ्या संख्येने झारखंडचे आहेत, विशेषतः दुमक्याकडचे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लडाखात अडकलेल्या साठ मजुरांना मे अखेरीस विमानाने रांचीला आणले, तेव्हा वर्तमानपत्रांनी कौतुक केले. जूनमध्ये सीमेवर तणाव वाढला आणि रस्ते हवे होते, तर दुमक्याहून खास रेल्वेगाडी भरून मजूर पुन्हा तिकडे गेले. घरी पोट भरत असते तर कोण गेले असते?

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात या माणसाला पासबुक, प्रवासभत्ता आणि विस्थापनभत्ता होता. अंमलबजावणी कागदावरच राहिली, हे वेगळे. त्याच्या जागी आणलेल्या २०२० च्या संहितेत विस्थापनभत्ताच गाळला. बाबासाहेब १९४२ ते ४६ मजूरमंत्री होते, हे जयंतीच्या भाषणात आपण दरवर्षी सांगतो. मग या गाळलेल्या भत्त्यावर आपल्या किती संघटना बोलल्या?

आता लेह. तिथे पोचलेला आपला तरुण गोंपा बघतो, त्रिशरण म्हणतो, आणि 'इथे सगळे बौद्ध, म्हणजे जात नाही' असे मानून परततो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे पटणार नाही. लडाखात मोन आणि बेडा हे परंपरेने वाजवणारे, गारा हे लोहार. लग्नाला त्यांचे ढोल आणि सनई हवी, सोयरीक मात्र नको. बैठकीत मानाप्रमाणे रांग लागते, त्यात त्यांना शेवटची जागा. १९८९ मध्ये बेडा, गारा आणि मोन यांची अनुसूचित जमातींत स्वतंत्र नोंद झाली, पण त्याच यादीत त्यांना खाली बसवणारा बोट समाजही आहे. म्हणजे राखीव जागेच्या रांगेतही दोघे एकत्रच उभे. आपल्याकडच्या उपवर्गीकरणाच्या वादात ज्यांना रस आहे त्यांनी याचा विचार करावा.

आम्ही बौद्ध आहोत हे कळल्यावर आमच्या यजमानांना मनापासून आनंद झाला, त्यांनी लोणी घातलेला चहा पुन्हा भरला. सौभाग्यवतींनी (हा शब्द त्यांना आवडत नाही, त्या हसतील) बेडांविषयी विचारले, तेव्हा ते थोडे थांबून म्हणाले, "ते वाजवायला येतात." आत येऊन जेवतात का, हे विचारल्यावर त्यांनी विषय रस्त्याच्या हवामानाकडे वळवला.