पिल्लू सोडले, पिसवा राहिल्या

मुळशी तालुक्यात आंबेमोहोराचे भात घरात येऊन पडले की त्याच्या मागोमाग उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे मांजर. माले किंवा ताम्हिणीच्या बाजूच्या गावांत मांजर लाडासाठी कमी आणि धान्याच्या राखणीसाठी जास्त पाळले जाते. भूगाव, हिंजवडीच्या सोसायट्यांत मुले पार्किंगमधले पिल्लू उचलून घरी आणतात. घर कोणतेही असो, चार-आठ दिवसांत एकच तक्रार सुरू होते. पिल्लू सारखे खाजवते आणि घरातल्यांच्या पायांवर लाल पुरळ उठते.

यावर दोन उपाय सर्रास केले जातात. पहिला म्हणजे गोठ्यातले गोचिडाचे औषध पिल्लाला चोळणे. दुसरा म्हणजे पिल्लू पोत्यात घालून लांब सोडून येणे. पहिल्या उपायाने पिल्लू मरते आणि दुसऱ्याने घरातल्या माणसांचा त्रास वाढतो. हे का होते, हे समजण्यासाठी पिसूचे घर कुठे असते ते पाहायला हवे.

अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण पिसवांचा फार लहान हिस्सा असतो, साधारण वीसातला एक. मादी रोज 40 पर्यंत अंडी घालते. ती केसांना चिकटून राहत नाहीत. मांजर जिथे झोपते, अंग झाडते तिथे ती गळून पडतात. त्यातून निघालेल्या अळ्या गोणपाटाखाली, जमिनीच्या भेगांत, सोफ्याच्या फटीत वाढतात. त्यांना सावली आणि दमट हवा लागते. मुळशीचा पावसाळा ती भरपूर पुरवतो. पुढे अळी स्वतःभोवती कोष करते. त्या कोषात तयार पिसू काही महिने गप्प पडून राहू शकते. कीटकनाशकाची फवारणी तिथपर्यंत सहसा पोहोचत नाही. जमिनीला हादरा बसला, ऊब लागली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर उडी मारते. पावसाळाभर बंद असलेले फार्महाऊस उघडताच पाहुण्यांच्या घोट्यांवर चावे उठतात, त्याचे कारण हेच. मांजर केव्हाच गेलेले असते, पिसवा मात्र वाट पाहत असतात.

पुणे-मुंबईने या गोष्टीची फार मोठी किंमत मोजली आहे. 1896 मध्ये मुंबईत आणि त्याच वर्षअखेरीस पुण्यात प्लेग शिरला. 1897 च्या मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा त्यातच मृत्यू झाला. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवले की रोग उंदरावरून पिसूमार्फत पसरतो. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू नवे रक्त शोधू लागते आणि ते तिला माणसात मिळते. घरात उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या घालण्याची तेव्हाच्या लोकांची रीत म्हणूनच शहाणपणाची होती. पुढे 1908 च्या सुमारास अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावी मांजरे पाळावीत, असा आग्रह धरला. मांजर एकटे प्लेग थांबवू शकत नव्हते, पण उंदरांवर त्याचा वचक असतो, हे त्यांनी बरोबर हेरले होते. आज मांजरावर आढळणारी पिसू वेगळ्या जातीची असली, तरी भुकेचा नियम तोच आहे. यजमान घालवला की पिसू दुसरा यजमान शोधते. पिल्लू सोडून आलेल्या घरात उंदीरही वाढतात आणि पिसवाही माणसांनाच चावतात.

पिल्लाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न जगण्या-मरण्याचा आहे. 400 ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या अंगात सुमारे 25 मिलिलिटर, म्हणजे पाच लहान चमचे रक्त असते. साधारण 70 पिसू-माद्या दिवसाला 1 मिलिलिटर रक्त पितात. दोन-तीन आठवडे हे चालले की हिरड्या पांढऱ्या पडतात, पिल्लू दूध ओढत नाही आणि एक दिवस गार होते. घरचे म्हणतात, पिल्लू अशक्त होते.

अशा पिल्लाला गाई-म्हशींचे किंवा कुत्र्याचे औषध लावणे म्हणजे विष देणे. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन, अमिट्राझ ही औषधे इतर जनावरांना ठरावीक मात्रेत चालतात. मांजराच्या यकृताला मात्र अशी अनेक रसायने नीट मोडता येत नाहीत. त्यात मांजर अंग चाटून साफ करते, म्हणजे लावलेले औषध पोटात जाते. लाळ गळते, अंग थरथरते, झटके येतात. फिनेल, रॉकेल, कापूर, निलगिरीचे तेल हेही मांजरासाठी घातकच. असे काही चुकून लागले असेल तर कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन, पिल्लू उबेत ठेवून लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे.

योग्य उपाय साधा आहे, पण चिकाटीचा आहे. प्रथम खात्री करावी. पिल्लाचे केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. मग बारीक दातांच्या फणीने रोज विंचरावे आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. पिल्लू धडधाकट असेल तर कोमट पाण्याने अंघोळ घालावी. आधी मानेभोवती फेस करावा, म्हणजे पिसवा डोक्याकडे पळत नाहीत. अंघोळीनंतर लगेच कोरडे करून उबेत ठेवावे, कारण अगदी लहान पिल्लांना अंगाची ऊब टिकवता येत नाही. हिरड्या पांढऱ्या असतील तर अंघोळीच्या फंदात न पडता थेट दवाखाना गाठावा. मानेवर टाकायची बरीच औषधे आठ आठवड्यांखालील पिल्लांना चालत नाहीत. ती वय आणि वजन पाहून पशुवैद्यकानेच ठरवावीत. पिल्लाच्या आईवर आणि घरातल्या इतर मांजरांवर त्याच वेळी उपचार झाले नाहीत, तर सगळे मुसळ केरात.

त्याच दिवशी घराकडेही वळावे. मांजराचे अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे, पोती आणि गोधड्यांना ऊन दाखवावे, कोपरे झाडून केर लांब टाकावा. कोषांतून नवी फौज निघत राहते, म्हणून ही स्वच्छता दोन-तीन महिने चालू ठेवावी लागते.

प्रत्येक खाज मात्र पिसूची नसते. पिसूचे चावे बहुधा घोट्यांवर आणि पोटऱ्यांवर असतात. पिल्लाच्या कानांच्या कडांना आणि तोंडावर जाड खपल्या असतील तर ती मांजराची खरूज. तिच्यामुळे पिल्लू कवेत घेणाऱ्याच्या हातांवर, पोटावर पुरळ येते, पण तो किडा माणसावर वंश वाढवू शकत नाही. मांजर बरे झाले की माणूसही बरा होतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला रात्री वाढणारी खाज असेल आणि घरात एकामागून एक सगळे खाजवत असतील, तर ती माणसाची खरूज. ती माणसाकडूनच येते आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावल्याशिवाय जात नाही. तिथे पिल्लाला दोष देऊन उपयोग नाही. गोल कडा असलेले चट्टे गजकर्णाचे असू शकतात. त्यांवर मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावले की आठवडाभर बरे वाटते आणि मग ते अंगभर पसरते.

पिसूमुळे क्वचित तापाचे आजारही होतात. पिसूची विष्ठा मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून जंतू शिरून काखेत किंवा मानेत गाठ येते. म्हणून ताप किंवा गाठ घेऊन जाणाऱ्याने घरात मांजर, उंदीर, पिसवा आहेत हे आपणहून सांगावे आणि डॉक्टरांनीही ते विचारावे. मांजराने चावले किंवा ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. त्याला पर्याय नाही.

प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. गावाकडचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशींच्या हिशेबाने चालतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्र माणसांच्या. मांजराचे पिल्लू या दोहोंच्या मधल्या फटीत पडते आणि पिसूही नेमकी फटीतच वाढते. पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरांना चालणारे पिसूचे औषध वजनानुसार मिळावे, माद्यांच्या नसबंदीची सोय व्हावी आणि एकाच घरातले तीन जण पुरळ घेऊन आले तर आरोग्य केंद्राने पशुवैद्यकाला कळवावे. यासाठी नवी इमारत नको, दोन खात्यांत एक फोन पुरेसा आहे. तोवर मुळशीकरांनी एवढे तरी करावे की गोठ्यातली बाटली मांजरापासून लांब ठेवावी आणि पोते पिल्लू भरण्यासाठी न घेता उन्हात टाकावे.